फीत नसलेली कॅसेट

वयाची पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासता तपासता स्वतःलाच जाड भिंगं लागली, तरी घरात ती धाकटीच राहिली. मोठा होता तो दादा. तो दूरच्या शहरात राहायचा, आणि दूर राहणाऱ्या भावांकडे असते तशी त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीची योजना तयार असायची.

वडिलांना झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. धाकटी एकटी, वडिलांजवळच राहणारी, त्यामुळे सगळं तिच्याच गळ्यात पडलं. सकाळी त्यांना उठवायचं, भरवायचं, शेजारच्या काकूंना बसवून दुकानात पळायचं, परत आलं की चादरी धुवायच्या. सुरुवातीला ती रडली, भांडली, देवालाही चार शब्द सुनावून झाले. मग कधीतरी ते सगळं थांबलं. दुकानात कुणी "हां, आता स्पष्ट दिसतंय" म्हणालं की पूर्वी तिला बरं वाटायचं. आता ती नुसतं पुढचं भिंग उचलायची. दात काढायच्या आधी हिरडीत इंजेक्शन देतात ना, तसं कुणीतरी तिच्या अंगभर दिलं होतं आणि दात काढायचं विसरून निघून गेलं होतं.

वडिलांना काही कळतं की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डोळे उघडे, नजर भिंतीवर, हाक मारली तरी ढिम्म. डॉक्टर म्हणाले, समजत असेलही, नसेलही. असं उत्तर द्यायला डॉक्टर कशाला हवा, असं पूर्वीची धाकटी तोंडावर म्हणाली असती.

मग दादाचा फोन आला.

"एक चांगली संस्था आहे. नर्स असतात, बाग आहे. जागा रिकामी झालीय. शनिवारी मी येतो गाडी घेऊन. पण त्याआधी तू एकदा नीट बघ. त्यांना कळत असेल, आपल्याला ओळखत असतील, तर घरातून हलवायचं नाही. मला नाही सहन होणार ते. पण काहीच कळत नसेल, तर त्यांना इथे काय आणि तिथे काय?"

"आणि हे ठरवायचं कुणी?"

"तूच. तू असतेस ना रोज."

म्हणजे न्यायाधीश तीच आणि शिक्षा भोगणारीही तीच. वडिलांना कळतं म्हणावं तर पुढची सगळी वर्षं चादरी, नाही म्हणावं तर सुटका. आपल्याला काय हवंय, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. आतून उत्तर आलं, झोप.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांची जुनी गाणी लावून बघा. ओळखीच्या जागी, ओळखीच्या क्रमाने."

ओळखीची जागा म्हणजे दारातली जुनी गाडी. वडील शिलाई मशीन दुरुस्त करत गावोगाव हिंडले ते याच गाडीतून, रेडिओवरून स्वतः भरलेल्या कॅसेट ऐकत. त्या कॅसेटना बुरशी लागली होती. लावल्या की गायिका पाण्यात बुडाल्यासारखी गायची. गाणी धाकटीला फोनवर मिळाली आणि क्रम तर तिला पाठच होता, सारं लहानपण त्या गाडीच्या मागच्या सीटवर गेलं होतं. पण गाडीतल्या त्या जुन्या टेपला फोन जोडायचा कसा?

"आहे की, ताई," गाड्यांच्या सामानाचा दुकानदार म्हणाला आणि वरच्या फळीवरून एक डबी काढून त्याने डबीवरची धूळ फुंकली. "हिला आता कुणी विचारत नाही."

आत कॅसेटच्याच आकाराचा प्लास्टिकचा तुकडा होता. फीत नाही, नुसती एका कडेने बाहेर आलेली वायर. कॅसेट टेपमध्ये सरकवायची, वायर फोनला लावायची, की फोनमधलं गाणं गाडीभर वाजतं. "मात्र ही बाजू वर ठेवायची हं," तो म्हणाला. "उलटी घातलीत तर मुकी."

शुक्रवारी दुपारी तिने वडिलांना शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि गाडी काढली. गाणी एकामागून एक चालली होती. वडील समोर बघत होते. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, काडीचाही फरक नाही. तिने बघणंही सोडून दिलं.

एक संथ गाणं लागलं. दुसरं कडवं संपत आलं आणि वडिलांचा डावा हात हलला. मांडीवरून उठला, थरथरत टेपपर्यंत गेला, बटण दाबलं. कॅसेट बाहेर आली. ती त्यांनी बोटांत फिरवली, उलटी केली आणि पुन्हा आत ढकलली.

धाकटीने गाडी कडेला घेतली.

तिला आठवलं. मूळ कॅसेटची पहिली बाजू त्या गाण्याच्या मध्यातच संपायची. फीत संपताना टेप खाडकन आवाज करायचा, तो वडिलांना खपत नसे. म्हणून त्या ओळीवर ते न चुकता हात पुढे करायचे आणि बाजू बदलायचे. त्या गाण्याचं पुढचं कडवं त्यांच्या घरात कुणी ऐकलंच नव्हतं. म्हणजे वडील ऐकत होते. शब्दन् शब्द ऐकत होते. आणि भिंतीकडे बघत काढलेल्या सगळ्या दिवसांतलं सगळंच त्यांनी ऐकलं होतं.

टेप मुका झाला होता. वडील गाण्याची वाट बघत होते, कपाळाला आठी घालून. मग त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिच्या मनात एवढंच आलं, बाप रे, अजून किती वर्षं.

तिने कॅसेट काढून सुलटी घातली. तेवढ्यात गाणं थांबून रिंग वाजली, चारही स्पीकरमधून. सवयीने तिने फोन उचलला, वायर तशीच राहिली आणि दादाचा आवाज गाडीभर घुमला.

"काय गं, काही कळलं का? ओळख वगैरे?"

वायर उपटायला एक झटका पुरे होता. तिचा हात हलला नाही.

"नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"नाही रे दादा. दगडाशी बोलल्यासारखं आहे."

"मग उद्या येतो. तू रडू नकोस."

"नाही रडत," ती म्हणाली, आणि हे मात्र खरं होतं.

फोन संपला, गाणं पुढे सुरू झालं. कुणी न ऐकलेलं ते तिसरं कडवं आलं आणि गेलं. वडिलांचा हात मांडीवर होता. ते खिडकीबाहेर बघत होते.

शनिवारी दादा आला, बॅग गाडीत टाकली, बाह्या वर करून वडिलांना उचलायला वाकला. त्याची गरज पडली नाही. एरवी ज्यांचा पाय उचलून चप्पल घालावी लागायची, त्या वडिलांनी पाय स्वतःच पुढे केला. मग धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून ते उभे राहिले आणि एकेक पाऊल ओढत, कुणी न सांगता, दादाच्या गाडीकडे निघाले.

"किती शहाण्यासारखं करतायत बघ," दादा डोळे पुसत म्हणाला. "कळत नाही तेच बरं. नाहीतर किती जड गेलं असतं त्यांना."

वडील सीटवर बसले. डाव्या हाताने त्यांनी पट्टा चाचपून शोधला आणि तिच्या हातात दिला. तो लावताना तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ आला. त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला झेपला असता.

दादाला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या तोंडात तयार होतं. तिने गाडीचं दार बंद केलं, नीट लागलंय का ते ओढून पाहिलं आणि बाजूला झाली.