शेजारची रिकामी खुर्ची

समोरच्या गॅलरीत रोज सकाळी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. डावीकडच्या खुर्चीत सायली डोळे मिटून बसते. ती पायलट व्हायला शिकतेय. तिची बोटं हवेतच एकेक बटण दाबतात, ओठ काहीतरी पुटपुटतात. घरबसल्या असं उडणं म्हणे सगळेच शिकाऊ करतात. मला मात्र पहिल्या दिवशी वाटलं होतं, पोरगी जप करतेय.

"आणि दुसरी खुर्ची कुणाची?" मी एकदा विचारलं.

"शिकवणाऱ्या सरांची. विमानात ते शेजारी बसतात. एकटीनं पहिल्यांदा कधी उडायचं, ते आधी सांगत नाहीत, काकू. एक दिवस धावपट्टीवर सर दार उघडून खाली उतरतात आणि म्हणतात, जा आता."

मला माझा मामा आठवला. विहिरीत पोहायला शिकवताना त्यानं पोटाखालचा हात नेमका कधी काढून घेतला, ते मला कळलंच नाही. त्याला मात्र तो क्षण पक्का ठाऊक असणार. काठाशी थांबून त्यानं तो क्षण कसा काढला असेल, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

आज सायलीची आई मेथीची जुडी घेऊन त्या दुसऱ्या खुर्चीत बसली होती. सायली डोळे न उघडताच म्हणाली, "आई, आज तिथं कुणी बसायचं नाही."

आई उठली. पण आत गेली नाही. दारातच उभी राहिली, आणि लेकीचे हात पुन्हा मांडीवर टेकेपर्यंत तिनं मेथीचं एक पानसुद्धा खुडलं नाही.