मार्लिस हेक्कनेन आणि चारशे खाती

मार्लिस हेक्कनेन कुणाचीच लाडकी नव्हती. आमच्या इस्पितळातले कॉम्प्युटर बावीस वर्षं तिच्या ताब्यात होते, आणि मदत मागायला गेलेल्या माणसाला ती आधी झापायची, मग मदत करायची. मी डायलिसिसची नर्स. मला तिने दोनदा रडवलंय.

मार्चमध्ये पुलापलीकडच्या, बरीच इस्पितळं चालवणाऱ्या एका मोठ्या संस्थेने आम्हाला विकत घेतलं. सगळ्यांची कॉम्प्युटरवरची खाती आमच्या डोमेनमधून, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यातून, त्यांच्या डोमेनमध्ये न्यायला त्यांचा माणूस क्रेग डेलुका आला. पहिल्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, त्याने सांगून टाकलं की हे काम संपलं की मार्लिसची जागा बंद.

मार्लिसने मान वर केली नाही. "आधी गट ने, मग माणसं," ती म्हणाली. "कुणाला कुठल्या फायली उघडायच्या ते गटावर ठरतं." "आणि प्रत्येकाचा जुना ओळख क्रमांक सोबत ने. फायलींची कुलपं नाव बघत नाहीत, क्रमांक बघतात."

"तुमचे गट म्हणजे निव्वळ अडगळ," क्रेग म्हणाला. "चारशे माणसांना एकशे नव्वद गट? एकाचं नाव तर नुसतं 'आयनो'."

"आयनो डायलिसिसची जुनी हेडनर्स. तो तिच्या विभागाचा गट. मी दिलेल्या यादीत लिहिलंय, वाचता येत असेल तर वाच."

"आम्ही सोळा इस्पितळं हलवलीत, बाई."

"सतराव्यात तोंडावर आपटशील."

यादी त्याने उघडलीच नाही. शनिवारी दुपारी त्याने नुसती माणसं हलवली. कोरी खाती, ना गट, ना जुने क्रमांक.

सोमवारी सकाळी माझ्यासमोर पाच पेशंट खुर्च्यांत बसलेले आणि त्यांच्या नोंदी उघडेनात. कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, कुणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं त्या फायलीत. मी क्रेगला फोन लावला. तो म्हणाला, "त्या बाईनेच जाताजाता काहीतरी मोडून ठेवलं असणार."

फोन स्पीकरवर होता. मार्लिस दारात उभी होती, अजून बर्फात घालायचे बूट पायात. तिने मला विचारलं, "किती जण बसलेत?"

"पाच."

तिचं स्वतःचं खातं तिने क्रेगला हलवू दिलं नव्हतं. त्यातून तिने पाचही जणांच्या नोंदी छापून माझ्या हातात कोंबल्या. मग क्रेग धावत आला.

"बस," ती म्हणाली. "कीबोर्ड तू घे."

"हे मी माझ्या ऑफिसातून..."

"इथेच. ह्यांच्यासमोर."

ती सांगत गेली, तो टाइप करत गेला. आधी गट, मग जुने क्रमांक, एकेक. 'आयनो' गटातली नावं तिने त्याला मोठ्याने वाचायला लावली. त्याची मान लालबुंद झाली होती. खुर्चीतले म्हातारे टक लावून बघत होते, एकही हसला नाही. दुपारपर्यंत फायली उघडल्या.

क्रेगच्या अहवालात एवढंच आलं: 'स्थानिक त्रुटी दूर केल्या.' आम्ही नर्सनी खरं काय ते लिहून वर पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी निरोपाचा केक आणला. मार्लिस आलीच नाही. ती खाली स्वतःचं खातं बंद करत होती. मी आभार मानायला गेले.

"आभार क्रेगचे मान," ती म्हणाली. "कागदावर नाव त्याचं आहे." तिने कोट चढवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

वर आमच्यापैकी कुणीच केकला हात लावला नव्हता. क्रेगने दोन तुकडे खाल्ले.