जहाजाला आग लागलीच नव्हती, मंडळी!

अकोल्याहून अमरावतीला परत येतेय आणि बसमध्येच हे लिहितेय. घरी पोचेपर्यंत दम धरवत नाही!

उद्या अकोल्यात आम्हा टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन आहे. आज मांडणी करताना आमच्यातल्या ज्येष्ठ वानखडे सरांनी एका परदेशी तिकिटाखाली चिठ्ठी लावली, ‘आग लागलेलं जहाज’. शिडाचं जुनं जहाज, मधोमध धुराचा लोट. तिकिटावर चित्राचं नाव होतं ते टपालाच्या शिक्क्याखाली झाकलेलं.

मी म्हटलं, “सर, आग लागली तर माणसं पळतील ना? जहाजावरची ही तर आरामात उभी आहेत.”

“ताई, आपण वऱ्हाडातले लोक. आपल्याले जहाजातलं काय समजते?”

डोकंच फिरलं माझं. भिंग घेतलं. धुराखाली विटांचा चौकोन, त्यावर शेजारी शेजारी दोन कढया आणि लांब दांड्याचा झारा धरलेला माणूस. अहो, ही तर आपल्या लग्नातली आचाऱ्याची भट्टी!

पण भर समुद्रात भट्टी कशाला? आमच्यातल्या रफिकभाईंनी लगेच मोबाईलवर शोधलं. देवमाशाची चरबी वितळवून तेल काढायला! जहाज देवमाशांच्या शिकारीचं. हुबेहूब तसंच चित्र सापडलं.

“ताई, एकदम सही पकडलं तुमी!” रफिकभाई ओरडलेच.

सरांनी चष्मा काढला, पुसला, भिंगातून पुन्हा पाहिलं. मग स्वतःची चिठ्ठी स्वतःच उचकटली आणि पेन माझ्या हातात दिला. मी चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं, ‘देवमाशांच्या शिकारीचं जहाज, वर तेलाची भट्टी’.

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण पंगतीच्या मागे जाऊन भट्टी मात्र प्रत्येक लग्नात पाहिलीय. तुम्हाला कधी कोणी म्हटलंय का, ‘तुले काय समजते’? मग तुम्ही काय केलंत?