रामकिशनची जिवंत तोफ

रामकिशन माझा शेजारी, आम्ही एकाच वयाचे. तीस वर्षं तो मुंबईजवळच्या एका बेटावर चौकीदार होता. तिथं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक अवाढव्य तोफ आहे. रशियाची जहाजं येतील या भीतीनं इंग्रजांनी ती डोंगरावर चढवली. जहाजं कधी आलीच नाहीत. खाऱ्या वाऱ्यानं चढणारा गंज खरवडायचा, तेल लावायचं, फिरायला आलेल्यांना वर चढू द्यायचं नाही, एवढीच रामकिशनची नोकरी.

हे मला फार उशिरा कळलं. दरवर्षी भीमजयंतीला तो कडक इस्त्रीची खाकी घालून आमच्या गावी, कंधारला यायचा. पहिल्याच वर्षी मी त्याला छेडलं, "आपल्या किल्ल्यातल्या तोफेवर शेळ्या बसतेत. तुझ्या तोफेवर कोन बसतं रं?" सगळे खो खो हसले. नव्या बायकोसमोर, चांगुणासमोर, झालेली फजिती त्याला झोंबली.

"माझी तोफ जिवंत हाय," तो म्हणाला. "कवाबी भरून तयार ठिवावी लागती. मी हाय म्हनून मुंबई निवांत झोपती."

चांगुणाचा चेहरा असा फुलला, की ते शब्द त्याला परत घेता आले नाहीत. बेटावर बायकोला ठेवायची सोय नव्हती, पदरी मूल नव्हतं. लग्नकार्यात कुणी नवऱ्याची चौकशी केली की ती ताठ मानेनं सांगायची, "त्यायला तोफ सोडून येता येत न्हाई."

सहा वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली. शेजारची महानंदा रामकिशनला फोन लावू लागली, तर चांगुणानं फोनच काढून घेतला. "नगं. तोफेपाशी दुसरं कोन हाय? समिंदरातून कोनी आलं म्हंजी? जयंतीला येतील, तवा जाऊ नांदेडला." मी तिथंच उभा होतो. मलाही ते पटलं, याची आज लाज वाटते. शेवटी आम्हीच तिला नांदेडला नेलं, पण फार उशीर झाला होता.

रामकिशन आला तो माती झाल्यावर. महानंदानं त्याला चांगुणाचे शब्द सांगितले.

"रजा त्याच दिशी भेटली असती," तो म्हणाला. "तोफ मेलेली हाय. मी खोटं बोललो."

दुःखानं याचं डोकं फिरलं, असं सगळे म्हणाले. मी एकट्यानं ते खरं मानलं, कारण ते खोटं मीच त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

आता तो निवृत्त होऊन घरी असतो आणि भेटेल त्याला हेच सांगतो. परवा त्यानं पुन्हा सुरू केलं, तशी महानंदा रडत ओरडली, "असं नगा बोलू, भाऊ! तोफ मेलेली व्हती, तर मंग आमची चांगुणा कशापायी मेली?"