मंदाचे कान

मंदाच्या पाठीतून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट आला, तेव्हा आम्ही नवराबायको वॉर्डाबाहेर बाकावर बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "टीबी मेनिंजायटिस आहे." टीबी छातीचा होतो, एवढंच मला ठाऊक होतं. तो मेंदूच्या आवरणालाही होतो, हे त्यांनी समजावून सांगितलं.

मंदा आमची नात, चार वर्षांची. तिची आई, आमची एकुलती लेक, दुसऱ्या बाळंतपणात बाळासकट गेली. जावयाने दुसरं लग्न केलं आणि मंदा बोनकोड्याला आमच्याकडे आली. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. गावची शेतं सरकारने नवी मुंबई वसवायला घेतली होती. हे एका कारखान्यात वॉचमन होते.

आधी नुसता ताप होता. मग ती खेळेना, उलट्या होऊ लागल्या. गावात औषध घेतलं, दृष्टही काढली. एका सकाळी तिची मान ताठ झाली, तसं आम्ही तिला खाडीपूल ओलांडून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन रोज द्यावं लागेल. त्यानं कान जाऊ शकतात. दिलं नाही, तर मुलगी वाचणार नाही."

 हे म्हणाले, "कान गेलं तरी चालंल. पोर जगली पायजे. आमाला दुसरं कोन हाय?"

नाकातून नळी घातली होती. मंदा मला ओळखत नव्हती. शेजारच्या खाटेवरचं मूल गेलं, आणि दुपारी तिथे दुसरं आलं.

मग घरातल्या माणसांचे एक्स-रे काढले. यांचा जुना खोकला टीबीचा निघाला. लागण त्यांच्याकडूनच झाली असावी, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून हे वॉर्डात आले नाहीत. फाटकाबाहेर बसून राहायचे.

गावातल्यांनी आमच्या घरी येणं सोडलं. आली ती फक्त कलाबाई. मराठवाड्यातून आलेली, आमच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहणारी. ती यांना रोज गोळ्या घ्यायला लावी, आणि सुट्टीच्या दिवशी मंदापाशी बसून मला म्हणे, "मावशी, जरा पडा. मी हाये."

मंदा घरी आली ती भिंतीला धरून चालत. तिच्या पाठीमागे ताट पडलं, तरी तिने वळून पाहिलं नाही.

तुमच्या घरात लेकराचा ताप हटत नसेल आणि कुणी म्हातारं खोकत असेल, तर दोघांनाही तपासून घ्या. लाजू नका.

यांच्यापासून आता लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी हे तिला जवळ घेत नव्हते. डॉक्टरांनी तिच्याशी समोर बसून, उजेडात, सावकाश बोलायला सांगितलं होतं. एके दिवशी कलाबाईने यांना हाताला धरून मंदासमोर बसवलं.  हे सावकाश म्हणाले, "ये."

मंदाने त्यांच्या ओठांकडे पाहिलं, आणि ती त्यांच्याजवळ गेली.