पिवळा फुगा मासा
ऑइलपेंटचा वास आला की मला भाऊजींनी रत्नागिरीहून आणलेला वाळका फुगा मासा आठवतो. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलसाठी त्याची जात ओळखून वर्णन लिहायचं होतं. जात ठरणार होती पाठीवरच्या ठिपक्यांवरून आणि बारीक काट्यांवरून. त्यासाठी मी चंद्रपूरच्या कॉलेजातून पुस्तक घेऊन बल्लारपूरला घरी आले, तर मासा अंगणात रंग वाळायला ठेवलेला, पिवळाधमक! एसटीडी बूथच्या पाट्या रंगवणारे बाबा ब्रश पुसत म्हणाले, "मेल्यावानी दिसून राह्यला होता. आता पाय, कसा जित्ता वाटते!" मी टर्पेंटाइननं घासत बसले. रंगाबरोबर कातडीही सुटली. ठिपके गेले, काटे मोडले. "काऊन माय, रंग नाई आवडला?" बाबांनी काळजीनं विचारलं. मला ओरडताही येईना. परीक्षकांनी जात विचारली, तेव्हा "सांगता येत नाही, सर," एवढंच म्हणाले. पुढे कोकणात तसले मासे जिवंत पाहिले, त्यांची नावंही शिकले. पण आमच्या घरी आलेला मासा त्यातला कोणता, ते कधीच कळलं नाही. आणि बाबांवर धड रागावता आलं नाही, म्हणून तो राग अजून तसाच आहे.