काचेमागची दाद

नोएडाच्या आमच्या नव्या घरातून ओल्या सिमेंटचा वास कितीतरी वर्षं पुरता गेलाच नाही. कार्तिकातल्या संध्याकाळी वीज जाऊन आसपासच्या सोसायट्यांचे जनरेटर घरघरू लागले, की त्या वासात डिझेलचा धूर मिसळे, आणि खिडकीबाहेरच्या अर्धवट इमारतींच्या सळ्यांवर मावळतीचा तांबूस, धुळकट प्रकाश थोडा वेळ रेंगाळून विझून जाई. त्या वेळी आमच्या वन्सं आपल्या चाकांच्या खुर्चीत, मान किंचित कलती ठेवून खिडकीशी बसलेल्या असत. जनरेटर सुरू झाला की त्यांच्या कपाळाला आठी पडे, आणि मी मुकाट्याने सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर त्यांच्या जवळ नेऊन ठेवी.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. जन्मापासून त्यांच्या मुखातून एकही शब्द उमटलेला नाही. ऐकू सगळं येई, समजे तर आमच्याहून जास्तच. पण हातपाय आणि जीभ त्यांच्या हुकमात नव्हती. होय म्हणायचं असलं की त्या डोळे वर नेत, नाही म्हणायचं असलं की मान फिरवत, आणि ते मान फिरवणं असं ठसक्याचं असे की पुढे वाद घालायची सोय उरत नसे. मी लग्न होऊन साताऱ्याहून दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा सासूबाईंनी घरातल्या डब्यांच्या जागा दाखवण्याआधी मला ही भाषा शिकवली. पुढे सासूबाई गेल्या आणि लोक मला ‘धन्य आहे हो तुमची’ म्हणू लागले. मला त्याची चीड येई. सेवाबिवा काही नव्हती. नणंदा-भावजया एकमेकींना सोसतात तशा आम्हीही सोसत होतो.

वन्संना गाणं लागे. लागे म्हणजे भूक लागते तसं. आणि मला, खरं सांगायचं तर, गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. सरोजिनी नगरातल्या मराठी कुटुंबांचा गणेशोत्सव क्वार्टरांमागच्या मैदानात होई. भाद्रपदातली ती दमट, जडावलेली हवा, ओल्या गवतावर अंथरलेल्या जाजमातून वर येणारा मातकट गंध, मांडवाच्या कनातींना बिलगलेला उदबत्तीचा धूर, आणि पुण्याहून, ग्वाल्हेरहून आलेला, दुपारी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये मोदक जेवून अंमळ सुस्तावलेला गवई. ह्या सगळ्यात वन्संची खुर्ची मात्र मांडवाच्या अगदी कडेच्या खांबाशी असे. गडबड झालीच तर चटकन घरी नेता यावं म्हणून.

एका वर्षी ग्वाल्हेरचे एक म्हातारे बुवा आले होते. संथ ख्याल चालला होता, बायका पदराने वारा घेत होत्या, आणि मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीच्या भाजीची व्यवस्था लावत होते. एवढ्यात बुवांची लांबलचक तान फिरत फिरत समेवर उतरली आणि नेमक्या त्याच क्षणी वन्संच्या घशाच्या तळातून, अर्धा हुंकार, अर्धा हुंदका असा एक मोठा आवाज निघाला. माना वळल्या. सासूबाई तेव्हा होत्या. त्या लगबगीने उठून खुर्ची ओढू लागल्या. बुवांनी गाणं थांबवलं आणि हात पुढे केला.

“अहो, त्यांना कुठे नेता? इतक्या मंडळींत समेवर दाद देणारं हेच एक माणूस भेटलंय मला. त्यांना पुढे आणा, इथे, माझ्या समोर.”

जाजमावरची माणसं सरकली, वाट झाली, आणि वन्सं पुढे गेल्या. त्यानंतर बुवा त्यांच्याकडेच पाहून गायले. सम आली की ते त्यांच्याकडे बघत, वन्सं आपला तो आवाज देत, बुवा छातीला हात लावून मान तुकवत आणि पुढचं आवर्तन आधीच्याहून खुलून येई. सासूबाई पदराआड रडत होत्या. आणि सम म्हणजे काय हे मला आयुष्यात पहिल्यांदाच, वन्संच्या आवाजावरून, कळलं. आपल्या गाण्यात ऐकणाऱ्यालाही तोंड असतं. तो वाहवा करतो, हात उचलतो, नुसता सुस्कारा टाकतो, आणि गवई ते उचलून पुढे जातो. वन्संना बोलता येत नव्हतं असं सारं जग म्हणे, पण त्या मैदानात, त्या जाजमावर, त्यांच्याशी एक माणूस संध्याकाळभर बोलत होता. पुढे दर वर्षी त्यांची जागा पहिल्या ओळीतच असे, आणि नव्या गवयाला आधी सांगून ठेवलेलं असे.

मग बाजार खुला झाला, ह्यांची निवृत्ती जवळ आली आणि आम्ही यमुनेपलीकडे फ्लॅट घेतला. त्या वर्षांत सगळंच नवं होतं. दुकानांना काचा आल्या, घरात परदेशी वाहिन्या आल्या, शेजारी तेवढे आले नाहीत. नव्या वस्तीतल्या मराठी मंडळींनी मंडळ काढलं, त्याला एक कंपनी पैसे देणारी मिळाली आणि गाणं मैदानातून उठून वातानुकूलित सभागृहात गेलं. जमिनीला खिळलेल्या लाल खुर्च्या, श्रोत्यांवर अंधार, उजेड फक्त गवयावर. पहिल्याच कार्यक्रमाला आम्ही वन्संना घेऊन गेलो. सम आली, त्यांनी दाद दिली, आणि बॅटरीचा झोत फिरवत एक स्वयंसेवक आमच्यापाशी वाकला.

“मॅडम, रेकॉर्डिंग चल रही है. प्लीज, बाहर.”

त्याचा स्वर इतका नम्र होता की भांडायलाही जागा नव्हती. आम्ही बाहेर आलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वन्सं दारावरून नजर हलवायला तयार नव्हत्या; हे त्यांना “घरी जाऊ या?” म्हणून विचारत होते आणि त्या पुन्हा पुन्हा मान फिरवत होत्या.

मंडळाची चिटणीस वैशाली आठवड्याच्या आत घरी आली. दिल्लीत जन्मलेली, इथेच वाढलेली, मनाने निर्मळ मुलगी. “काकू, मला इतकं वाईट वाटलं ना, यार,” म्हणाली आणि ‘यार’ म्हटल्याबद्दल जीभ चावून वन्संच्या पायाशी बसली. “आत्यांसाठी आपण प्रॉपर अरेंजमेंट करू. बिल्कुल.” तिने ते नुसतं म्हटलं नाही. सभागृहवाल्यांकडे खेटे घालून तिने मागच्या बाजूची, प्रोजेक्टरची बंद पडलेली खोली रिकामी करून घेतली. तिला पुढून रुंद काच बसवली, आत स्पीकर लावला, खुर्ची सहज चढावी असा उतार बांधून घेतला. तिच्या धडपडीला नावं ठेवायची माझी छाती नाही.

पौषातलं धुकं होतं पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी. दुपारपासून सूर्य दुधात पडल्यासारखा फिकट, आणि चारच्या सुमाराला तोही दिसेनासा झाला. मी साड्या एकेक करून पुढे धरल्या, वन्संनी जांभळ्या रेशमी साडीपाशी डोळे वर नेले. त्या खोलीत नव्या काचेच्या पुट्टीचा तेलकट वास होता. मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी फोटो काढला, दार लागलं आणि दिवे मंदावले.

गायिका मुंबईची होती, तरुण, सुरेल असावी. स्पीकरमधून स्वच्छ आवाज येत होता. वन्संची बोटं खुर्चीच्या हातावर हलू लागली, गळ्याची शीर ताठ झाली, आणि त्यांनी दाद दिली. त्या बंद खोलीत ती मला नेहमीहून मोठी, जवळजवळ भयंकर वाटली. काचेपलीकडे गायिकेचा चेहरा तसाच होता, पहिल्या ओळीकडे वळलेला. वन्सं थांबल्या. त्या वाट पाहत आहेत हे मला दिसत होतं. पुढच्या आवर्तनाला त्यांनी पुन्हा, सारा देह खुर्चीतून पुढे ओढत, आवाज दिला. गायिकेने तबलजीकडे पाहून स्मित केलं. वन्संची नजर मग गायिकेवरून सुटली आणि काचेवर आली. तिथे त्यांचा स्वतःचा चेहरा पुसट दिसत होता. त्याच्याकडे त्या काही वेळ पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवर पडला.

दार किंचित उघडून वैशाली कुजबुजली, “काकू, आत्यांना आवाज क्लिअर येतोय ना?”

“येतोय,” मी म्हटलं. आवाज येण्याची सगळी सोय झाली होती. जाण्याची झाली नव्हती, आणि ती लागते हे त्या गुणी मुलीच्या, किंवा मंडळातल्या कुणाच्याच, मनात आलं नव्हतं. ऐकणारा म्हणजे नुसते कान, असं त्यांनी धरलं होतं. ती गेली आणि तिच्यामागे दार अलगद मिटलं, तसा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले आणि ते दार सताड उघडलं.

मागच्या ओळीतली डोकी वळली. कुणीतरी ‘श्श’ केलं. तंबोऱ्यांचा झंकार आता थेट आत येत होता, स्पीकरमधल्याहून बारीक पण जिवंत. वैशाली वाटेतून हात हलवून दार लावा, दार लावा, अशा खुणा करत होती. मी तिला न पाहिल्यासारखं केलं. त्या क्षणी कुणी बाहेर काढायला आलं असतं तर मी साताऱ्याचं पाणी दाखवलं असतं. वन्संच्या कानाशी वाकून मी म्हटलं, “वन्सं, आता द्या. आता जाईल तिच्यापर्यंत.”

त्यांनी डोळे वर नेले नाहीत. मानही फिरवली नाही. त्यांनी माझ्या बोलण्याला होय-नाही काहीच केलं नाही, असं आमच्या सबंध संसारात कधी घडलं नव्हतं.

गाणं चालू होतं. तबल्याची लय थोडी वाढली होती. पुढच्या ओळींतले लोक माना डोलावत होते. सम येत असणार आणि निघून जात असणार. इतकी वर्षं ती मला वन्संच्या आवाजानेच कळत आली होती. उघड्या दाराला पाठ लावून, त्यांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहत मी उभी राहिले, आणि गाणं कुठवर पोचलं आहे हे मला काही केल्या कळेना.